पैजेतला ससा : खेळविश्वातील प्राणी आणि नकाराची जागा

१

साहित्यातील हिंसेविषयी मराठी समीक्षेने बराच विचार केला आहे. खेळातील हिंसेविषयी तो फारसा झालेला नाही. खेळ हा समाजशास्त्राचा किंवा बालमानसशास्त्राचा विषय आहे, साहित्यसमीक्षेचा नव्हे, अशी समजूत त्यामागे असावी. गेल्या तीन दशकांतील इलेक्ट्रॉनिक खेळांनी ही समजूत शंकास्पद ठरवली आहे. या खेळांत पात्रे असतात, कथानक असते, स्थळकाळाची रचना असते आणि कथेला आपल्या कृतीने पुढे नेणारा एक सहभागी वाचकही असतो. त्यामुळे त्यांच्याकडे संहिता म्हणून पाहणे आणि त्यांच्या मूल्यभानाची चिकित्सा करणे हे समीक्षेचेच काम ठरते.

या चिकित्सेसाठी एक नमुना विशेष उपयुक्त आहे. १९९६ च्या फेब्रुवारीत जपानमध्ये 'पोकेमॉन' हा खेळ प्रसिद्ध झाला. त्यातील जगात नाना शक्ती असलेले कल्पित प्राणी रानावनात राहतात. खेळणारा त्यांना झुंजीत दुबळे करून एका गोळ्यात बंद करतो, शिकवतो आणि इतरांच्या प्राण्यांशी लढवतो. त्यावरील चित्रमालिका भारतात कार्टून नेटवर्कवर २००३ पासून दिसू लागली आणि 'पोकेमॉन गो' हा मोबाइलवरील खेळ डिसेंबर २०१६ मध्ये येथे अधिकृतपणे आला. या काळात वाढलेल्या मराठी मुलांच्या प्राणिकथांच्या अनुभवात 'पंचतंत्रा'च्या जोडीला या खेळविश्वाचाही वाटा आहे. येथे प्रश्न असा उपस्थित होतो की, जो प्राणी अस्तित्वातच नाही त्याला पकडण्यात आणि झुंजवण्यात नैतिक असे काही आहे काय?

या प्रश्नाला सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. खेळाचे विश्व स्वायत्त आहे, तेथील वेदना वेदना नव्हे, म्हणून तेथे नीतीचा प्रश्नच उद्भवत नाही, हे पहिले. अशा खेळांनी मुलांची मने निबर होतात, म्हणून ते अनिष्ट आहेत, हे दुसरे. रा. भा. पाटणकर यांनी 'सौंदर्यमीमांसे'त वापरलेल्या संज्ञा घेऊन बोलायचे तर पहिले उत्तर अलौकिकतावादाच्या आणि दुसरे लौकिकतावादाच्या बाजूला झुकणारे आहे. पहिल्यामागे हुइझिंगा यांनी १९३८ मध्ये 'होमो ल्युडेन्स' या ग्रंथात मांडलेली, नित्य जीवनातून वेगळ्या काढलेल्या क्रीडाक्षेत्राची कल्पना उभी आहे. प्राण्याशी क्रूरपणे वागणारा माणूस माणसांशीही निष्ठुर होतो, हा कांटचा युक्तिवाद दुसऱ्यामागे आहे. परंतु दोन्ही उत्तरांत एक समान उणीव आहे. पहिले संहितेकडे पाहण्याची गरजच नाकारते आणि दुसरे संहितेला ओलांडून थेट परिणामाकडे जाते. प्राण्याविषयी खेळ काय म्हणतो, हे दोन्ही ठिकाणी वाचले जात नाही.

भारतीय साहित्यशास्त्राच्या आरंभीच या उणिवेवर बोट ठेवणारा एक प्रसंग आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात देवांनी ब्रह्मदेवाकडे जे मागितले ते दिसणारे आणि ऐकू येणारे खेळणेच होते. त्यातून नाट्य निर्माण झाले आणि पहिल्याच प्रयोगात दैत्यांचा पराभव दाखवला गेला. तेव्हा दैत्य आणि विघ्ने यांनी प्रयोग बंद पाडला. त्यांची तक्रार होती ती आपले चित्रण ज्या पद्धतीने झाले त्याबद्दल. प्रत्यक्ष इजेचा प्रश्न तेथे नव्हताच. हे केवळ नाटक आहे, असे सांगून ब्रह्मदेवाने त्यांना वाटेला लावले नाही. नाट्य हे देवांचे आणि दैत्यांचे, दोघांचेही आहे, अशी हमी त्याला द्यावी लागली. खेळात हरणाऱ्यालाही आपल्या चित्रणाबद्दल तक्रार करण्याचा अधिकार आहे, हे येथे मान्य झाले आहे. कल्पित प्राण्याला ही तक्रार स्वतः करता येत नाही. ती करण्याची जागा संहितेने ठेवली आहे की बुजवली आहे, हे पाहणे म्हणून समीक्षकाकडे येते.

२

कथेत मूल्ये निवेदकाच्या स्वरातून व्यक्त होतात. खेळात ती नियमांतून व्यक्त होतात. इयन बोगोस्ट यांनी २००७ मध्ये नियमप्रक्रियेच्या या वक्तृत्वाची मांडणी केली. खेळ शब्दांनी जे सांगतो त्याहून अधिक नियमांनी पटवतो, असा तिचा इत्यर्थ आहे. खेळातील नियम हाच त्यातील खरा निवेदक आहे, असे म्हणता येईल. पात्रांच्या तोंडचे शब्द आणि नियम यांत अंतर पडते तेव्हा समीक्षकाने नियमाची साक्ष ग्राह्य धरली पाहिजे.

'पोकेमॉन'मध्ये हे अंतर ठळक आहे. पात्रांच्या संवादांत मैत्री, विश्वास, सोबत हे शब्द पुनःपुन्हा येतात. नियम मात्र वेगळे बोलतो. रानातील प्राण्याचे जीवनबल जितके कमी होईल तितकी तो पकडला जाण्याची शक्यता वाढते. तो झोपलेला, लुळा पडलेला किंवा विषबाधा झालेला असेल तर ती आणखी वाढते. जीवनबल शून्यावर गेले तर मात्र तो मूर्च्छित होतो आणि हातचा जातो. म्हणजे प्राण्याला मरणप्राय करणे, पण पूर्ण न हरवणे, हे कौशल्य खेळणाऱ्याने संपादन करायचे आहे. त्यानंतरची मैत्री या कौशल्याचे फळ म्हणून येते.

दुसरा नियम याहून बोलका आहे. रानातल्या प्राण्यावर गोळा टाकता येतो. दुसऱ्या खेळाडूच्या मालकीच्या प्राण्यावर तो टाकता येत नाही, कारण ती चोरी ठरते. या विश्वाला हक्क ही कल्पना अपरिचित नाही, हे यावरून दिसते. मालकाचा हक्क तेथे जवळजवळ अभेद्य आहे. रानातल्या प्राण्याचा स्वतःवरचा हक्क मात्र झुंजीच्या निकालावर सोडलेला आहे. चित्रमालिकेतील खलपात्रे दुष्ट ठरतात तीही प्रामुख्याने इतरांचे प्राणी पळवतात म्हणून. जगातील प्राण्यांविषयीचा सर्वांत जुना कायदेशीर दृष्टिकोन, म्हणजे प्राणी ही मालमत्ता, येथे मैत्रीच्या भाषेखाली अबाधित राहिला आहे.

अर्थात नियम सर्वस्वी निर्दय आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. या विश्वातील झुंजींत प्राणी मरत नाहीत, मूर्च्छित होतात, आणि त्यांच्यावर उपचार करणारी केंद्रे बहुतेक नगरांत आहेत. १९९९ मधील पुढच्या खेळापासून प्राण्याच्या जिव्हाळ्याचे मोजमाप होऊ लागले. सोबत चालल्याने तो वाढतो, प्राण्याला मूर्च्छा आली तर घटतो, आणि कडू औषध पाजले तरीही घटतो. कडू औषधाने रुसणारा प्राणी हा या नियमव्यवस्थेतला एक लहानसा पण खरा मानसिक तपशील आहे. परंतु हा रुसवा औषधाविषयी व्यक्त होऊ शकतो. पकडीविषयी किंवा झुंजीविषयी तो व्यक्त होण्याची सोय नाही.

३

येथून या संहितेच्या मध्यवर्ती व्यूहाकडे वळता येते. प्राण्यांना झुंजायला आवडते, झुंजीतून ते वाढतात, आणि योग्य मालक मिळाल्यावर ते सुखी होतात, असे हे विश्व गृहीत धरते. आता कल्पित विश्वाचा कर्ता आपल्या विश्वात काहीही खरे ठरवू शकतो. त्याने प्राण्यांना संमती बहाल केली तर ती त्या विश्वात खरीच असते. तिच्याविरुद्ध पुरावा आणता येत नाही, कारण पुरावाही त्याच्याच हाती असतो. म्हणून त्या प्राण्यांना खरोखर आवडते का, हा प्रश्न निरर्थक ठरतो. अर्थपूर्ण प्रश्न वेगळा आहे. ही संमती बहाल करण्याची गरज कर्त्याला का भासली, आणि ती टिकवण्यासाठी त्याला काय काय गप्प करावे लागले?

सर्वप्रथम गप्प झाली ती प्राण्याची भाषा. चित्रमालिकेतील बहुतेक प्राणी आपल्या नावापलीकडे एकही शब्द उच्चारत नाहीत. नावाच्या अक्षरांतूनच त्यांचा आनंद, राग, वेदना व्यक्त होते आणि त्यांचा अर्थ मालक सांगतो. ज्याच्या भाषेत स्वतःच्या नावाखेरीज काही नाही, त्याला नाही म्हणता येत नाही. माणसाची भाषा अस्खलित बोलणारा ठळक अपवाद, म्याउथ नावाचा मांजरासारखा प्राणी, खलपात्रांच्या टोळीत ठेवला आहे. बोलणारा प्राणी विश्वासार्ह नसतो, अशी ही नकळत झालेली वाटणी आहे.

त्यानंतर अवज्ञेचा अर्थ बदलला गेला. दुसऱ्याकडून अदलाबदलीत मिळालेला बलवान प्राणी कधी कधी आज्ञा मोडतो. ही नकाराची जागा होऊ शकली असती. परंतु नियम तिचा उलगडा मालकाच्या दर्जाने करतो: त्याच्याकडे पुरेशी पदके नाहीत म्हणून प्राणी ऐकत नाही. पदके मिळाली की अवज्ञा संपते. प्राण्याचा नकार हा मालकाच्या उणिवेचा निदर्शक ठरतो. त्याच्या स्वतःच्या इच्छेचा नव्हे.

सुटकेचीही तीच गत झाली. 'पोकेमॉन गो'मध्ये नको असलेला प्राणी प्राध्यापकाकडे पाठवता येतो आणि मोबदल्यात त्याच जातीच्या प्राण्याला वाढवणारी गोळी मिळते. पाठवलेला प्राणी परत येत नाही. तो आपल्या जातभाईंच्या खाद्यात रूपांतरित होतो. मुक्ती हा शब्द येथे विनिमयाचे दुसरे नाव झाला आहे.

या विश्वाच्या कर्त्यांना ही अडचण जाणवली होती, हे २०१० मधील 'ब्लॅक' आणि 'व्हाइट' या भागांवरून दिसते. प्राण्यांना माणसांपासून मुक्त करू पाहणारी एक संघटना त्यांत प्रतिपक्ष म्हणून येते आणि प्राण्यांचा आवाज ऐकू येणारा एन नावाचा तरुण तिचा राजा असतो. प्रश्न असा उघडपणे विचारला जाणे ही या मालिकेतील धाडसाची जागा आहे. पण त्याचा शेवट उद्बोधक आहे. एनला प्राण्यांच्याच आवाजातून कळते की त्यांचे मालकांवर प्रेम आहे. आणि संघटनेचा खरा सूत्रधार गेटसिस याला इतरांचे प्राणी सोडवून स्वतःच सर्वशक्तिमान व्हायचे होते. आक्षेप घेणाऱ्याला भ्रष्ट ठरवून आक्षेप निकालात काढला गेला आहे. मूळ प्रश्नाला यातून उत्तर मिळत नाही.

प्राणिहक्क संघटना 'पेटा'ने २०१२ मध्ये या भागांचे विडंबन करणारा खेळ काढला. त्यात जखमी प्राणी मालकांविरुद्ध उभे राहतात. येथे शब्द पूर्ण उलटले आहेत, परंतु नियम तोच राहिला आहे. मुक्तीही पाळीपाळीने प्रहार करून, प्रतिपक्षाला मूर्च्छित करूनच मिळवायची आहे. म्हणजे मूळ संहितेतील निवेदक विडंबनातही बदललेला नाही.

आणि तरीही या विश्वाचे सर्वांत लाडके चित्र कोणते? चित्रमालिकेच्या पहिल्याच भागात पिकाचू हा प्राणी गोळ्यात बंद होण्यास नकार देतो आणि १९९८ मधील 'यलो' या खेळात तो गोळ्याबाहेर मालकाच्या मागे चालतो. ज्या प्राण्याने पकडीचे साधन नाकारले तोच या पकडीच्या विश्वाची ओळख झाला. नियमाने बुजवलेली नकाराची जागा लोकमानसाने पिकाचूच्या रूपाने शोधून काढली, असे म्हणावेसे वाटते.

४

बहाल केलेली संमती ही केवळ जपानी कल्पनाविश्वातली युक्ती नाही. तिचे लौकिक रूप महाराष्ट्रात, विशेषतः विदर्भात, चांगले परिचित आहे. शंकरपटाच्या समर्थनार्थ जी वाक्ये ऐकू येतात त्यांत बैलाला धावण्याची हौस असते, मालक त्याला पोटच्या पोरासारखे जपतो, ही वाक्ये अग्रभागी असतात. त्यांत खोटेपणा असतोच असे नाही. शर्यतीच्या बैलाला मिळणारा खुराक आणि माया अनेकदा खरी असते. परंतु येथे बैलाचे शरीर स्वतंत्र साक्षीदार आहे. पराणी, पिरगाळलेली शेपटी, धपापणारे पोट यांची तपासणी करता येते आणि मालकाचे वाक्य खोडता येते.

न्यायालयांत हेच घडले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींनाही मनाई केली. बैलाची शरीररचना शर्यतीसाठी नाही, हा त्या निकालातील एक महत्त्वाचा आधार होता. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. नव्या तरतुदींनी वेदना पुष्कळ कमी होतात, असे पीठाने मानले. प्राण्यांना मूलभूत हक्क असल्याचे मान्य करण्यास पूर्वाधार नाही, असेही म्हटले. या निकालांबद्दल मतभेद असू शकतील. परंतु दोन्ही वेळा वाद वेदनेच्या पुराव्यावर झाला, ही गोष्ट महत्त्वाची आहे. लौकिकात असा वाद शक्य आहे. कल्पित खेळात तो शक्य नाही.

झुंजीविषयी कायदा अधिक स्पष्ट आहे. १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा निव्वळ करमणुकीसाठी प्राण्यांना एकमेकांशी झुंजवणे हा गुन्हा मानतो. चंद्रपूर-गडचिरोलीकडील कोंबडबाजारांवर, पायाला काती बांधून लावल्या जाणाऱ्या झुंजींवर, पोलिसांच्या धाडी पडतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत तर मारण्याबरोबर पकडणे, फासे लावणे, आमिष दाखवणे यांचाही समावेश आहे. 'पोकेमॉन'मधील मूलभूत क्रियापद भारतीय कायद्याच्या भाषेत शिकार ठरते. तरीही या खेळाबाबत सप्टेंबर २०१६ मध्ये गुजरात उच्च न्यायालयात जी जनहित याचिका गाजली, तिचा आक्षेप प्रार्थनास्थळी अंडी दिसण्यावर होता. धार्मिक भावना दुखावणे हा तक्रारीचा विषय झाला, प्राण्याला पकडणे झाला नाही. कल्पित प्राण्याच्या वतीने बोलण्याची सवय आपल्या सार्वजनिक जीवनाला नाही, एवढे यावरून म्हणता येईल.

वेदना नसेल तर नीतीचा प्रश्न नाही, या मताचे अधिक नेमके उत्तर विदर्भातच मिळते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येथे तान्हा पोळा भरतो. वर्धा जिल्ह्यातील सिंदी रेल्वे हे गाव तर मोठमोठ्या लाकडी नंदींसाठी प्रसिद्ध आहे. मुले लाकडी बैल सजवतात, मिरवतात आणि घरोघरी नेऊन बोजारा मागतात. लाकडी बैलाला वेदना नाही. पडद्यावरच्या प्राण्यालाही नाही. पण दोन खेळांत मुलांकडून जी कृती करून घेतली जाते ती एक नाही. एकात वर्षभर राबणाऱ्याला एक दिवस मान देण्याची तालीम आहे. दुसऱ्यात दुबळे करून आपलेसे करण्याची. तान्ह्या पोळ्यातही आदर्शीकरण आहेच, कारण मानाचा दिवस संपल्यावर खऱ्या बैलाच्या मानेवर पुन्हा जू येते. तरीही दोन्ही खेळांतील वेदनेचे माप शून्य असून त्यांचा अर्थ भिन्न आहे. म्हणजे अर्थ वेदनेत नसून तालमीत, नियमात आहे.

५

प्राण्याच्या पकडीविषयी मराठी वाङ्मयपरंपरेत दोन प्रसंग आधारभूत आहेत. पहिला 'लीळाचरित्रा'तला. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी विदर्भातीलच रिद्धपुरात सिद्ध केलेल्या या ग्रंथात, शिकारी कुत्र्यांनी पिटाळलेला ससा चक्रधरांच्या मांडीखाली आश्रय घेतो. पारधी येऊन ससा मागतात. त्यांचा युक्तिवाद साहित्यशास्त्राच्या दृष्टीने कुतूहलजनक आहे. आपल्याला भूक लागली आहे, असे ते म्हणत नाहीत. या सशावर पैज लागली आहे आणि तिच्यापायी शस्त्रेही निघू शकतील, असे ते सांगतात. म्हणजे ससा एका खेळात आहे, खेळाला नियम आहेत, आणि नियमानुसार तो त्यांचा आहे. हुइझिंगांनी विसाव्या शतकात वर्णिलेली क्रीडाक्षेत्राची सीमाच पारधी येथे पुढे करतात.

चक्रधर या सीमेला दुसरी सीमा दाखवतात. ससा येथे शरण आला आहे, एवढेच त्यांचे म्हणणे. शरण येणे ही सशाने केलेली कृती आहे. त्याच्याकडे भाषा नाही, पण धाव आहे, आणि त्या धावेचा अर्थ नकार असा लावला गेला आहे. खेळात ओढला गेलेला जीव खेळाबाहेर पडू पाहतो तेव्हा खेळाचा नियम त्याच्यापुरता संपतो, हे या लीळेचे प्रतिपाद्य आहे. प्रसंगाचा शेवटही तितकाच महत्त्वाचा. पारधी मानतात आणि ससा आपल्या वाटेने जातो. तो आश्रमाचा ससा होत नाही. रक्षणातून मालकी निर्माण होत नाही.

दुसरा प्रसंग रघुनाथ पंडितांच्या नलदमयंती-आख्यानातला. नळ सुवर्णहंसाला पकडतो. हंस विलाप करतो, घरच्यांची अवस्था सांगतो, आणि नळ त्याला सोडून देतो. सुटलेला हंस मग स्वतःहून परत येतो आणि दमयंतीकडे दूत म्हणून जाण्याची तयारी दाखवतो. कथेतील मैत्री पकडीच्या क्षणी जन्मत नाही, सुटकेनंतर जन्मते. 'पोकेमॉन'च्या नियमात क्रम पकड, मग मैत्री असा आहे. येथे तो पकड, वाणी, सुटका, मग मैत्री असा आहे. मधल्या दोन पायऱ्यांमुळेच हंसाच्या मैत्रीला अर्थ येतो. परत न येण्याची मुभा असताना जो येतो त्याच्याच येण्याला संमती म्हणता येईल.

या परंपरेला झुंजीचे वावडे आहे, असा याचा अर्थ नव्हे. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'सत्तांतर' (१९८२) या कादंबरीत वानरांच्या टोळ्यांमधील संघर्ष तीव्र आणि रक्तलांछित आहे. पण ती झुंज त्यांची स्वतःची आहे. तिच्यामागे पैज लावणारा, आज्ञा देणारा किंवा पदके मोजणारा कोणी उभा नाही. निवेदकाची शिस्त अशी की तो पाहतो आणि हस्तक्षेप करत नाही. कल्पित प्राण्यांच्या झुंजीत आक्षेपार्ह काही असेल तर ते झुंजीतच नसून ती दुसऱ्या कोणाच्या तरी विजयासाठी होण्यात आहे, हा भेद 'सत्तांतर'शी तुलना केल्यावर स्पष्ट होतो.

६

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. पकडणे म्हणजे नेहमीच प्रभुत्व नव्हे. पकडणे म्हणजे जाणून घेणेही असते. 'पोकेमॉन'चे कर्ते सातोशी ताजिरी यांना लहानपणी कीटक गोळा करण्याचा छंद होता आणि खेळाची कल्पना त्यातून आली, हे सर्वज्ञात आहे. खेळातील प्राण्यांची सूची ही एक प्रकारची निसर्गनोंदवही आहे. भारतात सलीम अली यांचा पक्षिविद्येशी परिचय छऱ्याच्या बंदुकीने टिपलेल्या एका चिमणीमुळे झाला; ती चिमणी घेऊन ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. आत्मचरित्राचे नावही त्यांनी त्या चिमणीवरून दिले. पकड नाकारली तर या जिज्ञासेचे काय, असे विचारता येईल.

आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर त्याच उदाहरणात आहे. ज्या सोसायटीच्या संग्रहालयात पक्ष्यांची कातडी जमा होत होती, तिनेच पुढे सलीम अलींच्या मार्गदर्शनाखाली पक्ष्यांना कडी घालण्याचा मोठा उपक्रम चालवला. त्यात पक्षी जाळ्यात धरला जातो, मोजला जातो, पायात क्रमांकाची कडी घातली जाते आणि तो सोडला जातो. ही कडी पिंजऱ्यातल्या पक्ष्याच्या पायात निरर्थक असते. पक्षी उडून गेला, दूर कोठे पुन्हा दिसला, तरच ती ज्ञान देते. येथे पकड आहे, परंतु तिचा अर्थ सुटकेवर अवलंबून आहे. जिज्ञासेला पकडीची गरज असू शकते, मालकीची नसते. सूची पूर्ण करण्याचा आनंद आणि सूचीतील प्रत्येकाला गोळ्यात ठेवण्याचा नियम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'पोकेमॉन'ने त्या एक मानल्या, त्या एक असणे अपरिहार्य नव्हते.

पिंजऱ्यालाही हाच न्याय लागू पडतो. वर्धा शहराला लागून असलेल्या पिपरी मेघे येथे पीपल फॉर ॲनिमल्सचा करुणाश्रम आहे. जखमी आणि सुटका केलेल्या प्राण्यांना तेथे आश्रय व उपचार मिळतात. अशा ठिकाणीही प्राणी पकडावा लागतो, बंदिस्त ठेवावा लागतो, त्याच्या इच्छेविरुद्ध त्याला औषध द्यावे लागते. बाह्य कृती पाहिल्या तर त्या खेळातील कृतींहून फार वेगळ्या दिसणार नाहीत. फरक कृतींच्या दिशेत आहे. तेथील बंदिवासाला सुटका हे माप आहे. जो प्राणी परत जाऊ शकत नाही त्याचे राहणे ही संग्रहातील भर नसून निरुपायाने स्वीकारलेली जबाबदारी असते. ज्या जिल्ह्यात बोरचा व्याघ्रप्रकल्प आहे आणि वन्य प्राणी व वस्ती यांची गाठ पडणे नवलाचे नाही, तेथे पकडणे या शब्दाचे हे दोन अर्थ निरनिराळे ओळखता येणे ही केवळ काव्यशास्त्राची चैन राहत नाही. त्याला आवडते, तो आपलाच आहे, ही वाक्ये खेळात विनापुरावा खरी असतात. तीच वाक्ये शंकरपटाच्या मैदानात किंवा बिबट्याच्या बछड्याभोवती जमलेल्या गर्दीत उच्चारली जातात तेव्हा त्यांना पुरावा लागतो. एका ठिकाणची बिनपुराव्याची सवय दुसरीकडे जाते, असा दावा करण्याची येथे गरज नाही. दोन ठिकाणची भाषा एकच आहे, आणि ती भाषा पारखणे हे समीक्षेच्या हाती आहे.

७

वरील विवेचनातून खेळविश्वाच्या नैतिक वाचनासाठी काही कसोट्या हाती लागतात. त्या विश्वातील प्राण्याला नाही म्हणता येते काय, आणि म्हटल्यास नियम ते मानतो काय, ही पहिली. सुटकेला त्या विश्वात स्वतःचा अर्थ आहे की ती विनिमयाचा प्रकार आहे, ही दुसरी. प्राण्याच्या वतीने जो बोलतो त्याचे म्हणणे ऐकले जाते की त्याला भ्रष्ट ठरवून गप्प केले जाते, ही तिसरी. या कसोट्या वेदनेचे मोजमाप मागत नाहीत आणि मुलांवरील परिणामांचे भाकीतही करत नाहीत. त्या संहितेलाच प्रश्न विचारतात.

अशा कसोट्या खेळाला जाचक ठरतील, ही भीतीही अनाठायी आहे. २०१५ मधील 'अंडरटेल' या खेळात समोर आलेल्या प्रत्येक विचित्र जिवाला न मारता सोडून देता येते. त्यासाठी त्याचा स्वभाव, भीती, विनोदबुद्धी ओळखावी लागते. आणि केलेल्या हत्येची आठवण काही बाबतींत खेळ पुन्हा सुरू केल्यावरही पुसली जात नाही. तेथे दया हा संवादातला शब्द नसून नियमातला पर्याय आहे, आणि त्यामुळे खेळ निरस झालेला नाही. उलट लढणे ही निवड आहे हे कळल्यामुळे प्रत्येक लढाईला वजन आले आहे.

चक्रधरांच्या मांडीखाली आलेल्या सशाला आपण पैजेत आहोत हे ठाऊक नव्हते. पारध्यांना ते ठाऊक होते आणि तेवढेच पुरेसे आहे, असे त्यांना वाटत होते. खेळात शिरलेल्या जिवाला, तो हाडामांसाचा असो, लाकडाचा असो वा प्रकाशाच्या ठिपक्यांचा, खेळाबाहेर जाण्याची वाट ठेवली आहे काय, हे त्या लीळेने जे विचारले तेच आजच्या खेळविश्वांनाही विचारले पाहिजे. वाट ठेवलेली असेल तर सोबत, मैत्री, निष्ठा हे शब्द त्या विश्वात अर्थपूर्ण होतात. ती नसेल तर ते शब्द मालकाचे स्वगत ठरतात.